सूर्यास्तानंतरची गोळी

दवाखान्यात मला नावानं कुणी हाक मारत नाही. मी सगळ्यांची 'क्वालिटी मॅडम'. जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात उपचारांची गुणवत्ता मोजायची आणि ती वाढवायची, असं माझं काम आहे. हे काम म्हणजे नेमकं काय, ते बाईला कधीच नीट कळलं नाही. बाई म्हणजे माझी आई. आमच्या जुन्या मारवाडी घरांतून आईला बाईच म्हणतात. ती शेजारणींना सांगायची, "पोरगी डॉक्टर न्हाई, नर्स न्हाई. पण डॉक्टर-नर्सला रागवायचं काम तिच्याकडं हाय." व्याख्या म्हणून हे फारसं चुकीचं नव्हतं.

मी रागवतेच. हात न धुता पेशंटला हात लावला, पलंगाचा कठडा खाली ठेवला, गोळी वेळेवर दिली नाही, की माझा आवाज वॉर्डाच्या त्या टोकाला ऐकू जातो. या सगळ्याचे आकडे काढून मी दर महिन्याला एक तक्ता करते आणि तो लिफ्टसमोरच्या भिंतीवर लावते. हिरवं असेल तर मालक खूश. लाल दिसलं की मला वर बोलावणं येतं. वर्षानुवर्षं आमचा सगळ्यात हिरवा रकाना एकच होता, तो म्हणजे 'औषधे वेळेवर दिली'. बाहेरून तपासणीला माणसं आली, की मी त्यांना आधी त्या रकान्यापाशी नेऊन उभं करायची.

माझं सगळ्यात अवघड काम मात्र पेशंटला बोलतं करायचं. घरी जाताना प्रत्येकाला विचारायचं, कसं वाटलं, काय कमी पडलं. त्यासाठी काउंटरवर चेहऱ्यांची बटणं असलेला एक डबा ठेवलाय. हसरा, मधला आणि रडका. लोक सरसकट हसरा दाबतात. एकदा केदारखेड्याकडची एक म्हातारी सलाईन लावून सुजलेला हात पदराखाली घेऊन मला म्हणाली, "लई चांगलं हाय मॅडम, समदं बराबर हाय." मी पदर बाजूला केला, तर हात टम्म. "अहो, मग हे?" "आता दवाखाना म्हणल्यावर एवढं तं चालतंच की." पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, हा आपल्या लोकांचा हिशेब. उद्या परत इथंच यायचंय, याच नर्सच्या हातून सुई टोचून घ्यायचीय. मला सगळं पटतं, आणि तरी चीड येते. जिथं कुणी तक्रारच करत नाही, तिथं सुधारायचं काय आणि कसं?

आणि या न बोलणाऱ्यांची महाराणी माझ्याच घरात होती.

बाई परतूरची. तिच्या वडिलांची तिथं कापसाची आडत होती. लग्न होऊन जालन्याला आली ती इथलीच झाली. घरात मारवाडी, बाहेर अस्सल इथली मराठी. दोन्ही भाषांत तिला एकच गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे कुरकुर. दाढ दुखतेय हे आम्हाला गाल सुजल्यावर कळायचं. पोळी करपली तर ती निमूटपणे आपल्या ताटात घ्यायची. शेजारच्या आया पोरांवर ओरडायच्या, धपाटे घालायच्या, नशिबाला बोल लावायच्या. मी खिडकीतून ऐकत राहायची. मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. त्यांना निदान कळत तरी होतं की आपल्या आईला काय हवंय. मला बाईच्या पोटातलं कधी कळलंच नाही, आणि ते कळावं म्हणून मी लहानपणापासून तडफडायची. मोठी होऊन लोकांना तक्रारी विचारायची नोकरी धरली, ती काही उगाच नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाई सकाळी जैन स्थानकातून प्रवचन ऐकून येताना पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ तिला थेट माझ्याच दवाखान्यात घेऊन आला. घरचं माणूस आहे म्हटल्यावर दुसरीकडं कोण जाणार?

हाडाच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन लवकर व्हायला हवं. या वयात माणूस पलंगावर जितका जास्त पडून राहील, तितका तो उठायची शक्यता कमी. छाती भरते, पाठीला जखमा होतात. बाईनं एकच विचारलं, "चालता येईल ना?" तिला स्थानकात आपल्या पायानं जायचं होतं. सुनेनं हाताला धरलेलंसुद्धा तिला चालत नसे. डॉक्टर म्हणाले, "वेळेत झालं तर नक्की."

पण ते वेळेत होईना, कारण बाईचं ब्लडप्रेशर. पहाटे तिला ऑपरेशनसाठी तयार करायचं, स्ट्रेचर दाराशी आणायचं, आणि भूल देणारे डॉक्टर पट्टा गुंडाळून बघायचे. आकडा असा चढलेला, की ते मान हलवायचे. "आज नाही जमणार." दुपारी मात्र तेच प्रेशर इतकं उतरायचं, की बाईला गरगरायचं. पहिल्यांदा झालं, तेव्हा भीती असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. त्या दिवशी दुपारी बाई बोलता बोलता डोळे फिरवून मागं कलली. सिस्टरनं पळत येऊन पलंगाचा पायथा उचलला. मी तिथंच उभी होते.

वॉर्डाची मोठी सिस्टर भोकरदनकडची, कामाला वाघीण. तीही चक्रावली. "मॅडम, काऊन असं होऊन राह्यलं कळंना. सकाळची गोळी मी देते, रात्री नऊची रातपाळीची सिस्टर देते. येक बी चुकली न्हाई." मी तपासलं. खरंच चुकली नव्हती. प्रत्येक रात्री नऊच्या पुढं सही होती. माझ्या लाडक्या हिरव्या रकान्यात बाई अगदी बरोबर बसत होती.

इथं एक सांगायला हवं. बाई चौविहार करायची. म्हणजे सूर्य मावळला की तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सकाळीही सूर्य उगवल्यावर दोन घटका थांबायचं, मगच पाणी. मला आठवतंय तेव्हापासून तिनं हे कधी मोडलं नव्हतं. ती भरती झाली त्याच दिवशी भाऊ स्थानकात उतरलेल्या महाराजसाहेबांना विचारून आला होता. त्यांनी निरोप दिला होता की आजारपणात सूट असते, औषध घ्यावं. भावानं तो निरोप पलंगाशी उभं राहून मोठ्यानं सांगितला. बाईनं हात जोडले, "हो जी" म्हणाली. आम्हा सगळ्यांच्या लेखी विषय तिथंच संपला. रात्री सलाईन चालू असायची, त्याला बाईची हरकत नव्हती. "ते कुठं तोंडातून जातं," असं ती वॉर्डातल्या मावशींना म्हणाल्याचं मला नंतर समजलं. नियमांचा कीस काढण्यात ती माझीच आई होती.

तिसऱ्यांदा ऑपरेशन पुढं ढकललं, त्या सकाळी मी रजा टाकली. चिडून टाकली. कुणावर चिडले होते ते मलाही माहीत नव्हतं. स्ट्रेचर परत गेलं आणि मी स्टूल ओढून बाईच्या पलंगाशी बसले. खिडकीतून ऊन आत येत होतं. बाई माळ ओढत होती. सकाळची सिस्टर आली, छोट्या वाटीत गोळी ठेवून म्हणाली, "आजी, घ्या बरं का," आणि पुढच्या पलंगाकडं गेली. तिकडं रोलिंग मिलमधला एक भाजलेला माणूस पाणी मागत होता. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते, निदान बाईला तसं वाटलं असणार. तिनं माळ कपाळाला लावली, माळेची कापडी पिशवी उघडली, आणि तिच्यातून कागदाची एक पुडी काढली. पुडीत एक गोळी होती. ती आणि वाटीतली, दोन्ही तळहातावर घेतल्या, डोळे मिटून नवकार मंत्र म्हटला आणि घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकल्या.

"बाई, ती कुठली गोळी?"

"रात्रीची." बाई खोटं बोलत नसे. कुणी विचारलं नाही तर सांगत नसे, एवढंच.

"रोज अशीच घेतेस?"

"हां. येक बी वाया घालवली न्हाई." हे तिनं जरा अभिमानानंच सांगितलं. "गोळी पोटात गेल्याशी मतलब ना? रात्री गेली काय अन् सकाळी गेली काय."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि त्याच वेळी डोकं फिरलं. रात्रभर औषध नाही म्हणून पहाटे प्रेशर चढलेलं. सकाळी दोन गोळ्या एकदम, म्हणून दुपारी कोसळलेलं. त्यावर आम्ही शहाणे डोस वाढवून राह्यलो होतो!

"अगं, मग सिस्टरला सांगायचं ना, की मी रात्री घेत नाही म्हणून!"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "कसं सांगू? ती बिचारी येऊन सही करती. मी न्हाई म्हणलं की तिथं लाल खूण. तूच भावाला सांगत होतीस, येक खूण लाल झाली की वरून विचारत्यात. लिफ्टपाशी तुझा तो तक्ता टांगलाय, मला आणताना बघितला मी. हिरवागार हाय. सगळे तुझं नाव घेत्यात. माझ्यापायी त्याला डाग लागावा का?"

मी ताडकन उभी राहिले. "चुलीत घाल तो तक्ता!"

"हळू बोल. लोक ऐकून राह्यले."

लोक खरंच ऐकत होते. मिलवाला माणूस आपलं भाजणं विसरून आमच्याकडं बघत होता. मला रडू येत होतं, आणि तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मोडलेलं हाड घेऊन, चालता येईल की नाही या धास्तीत ही बाई पडून होती, आणि जपत होती काय, तर माझ्या भिंतीवरचा कागद.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी जिन्यातच गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "म्हणजे डोसचा काही प्रश्नच नव्हता." त्यांनी डोस पहिल्यासारखा केला आणि रात्रीची गोळी सूर्यास्ताच्या आधीच्या जेवणाबरोबर द्यायला सांगितली. मोठ्या सिस्टरला हे कळलं तेव्हा तिला फार लागलं. "मॅडम, आमची सिस्टर हातात देऊन आल्ती. आजी घेते म्हणल्या. मंग तिनं उभं ऱ्हायचं का आता डोक्यावर?" मी म्हटलं, "हो. घोट खाली उतरेपर्यंत उभं राहायचं." ती माझ्याकडं रागानं बघत गेली. पण त्या संध्याकाळी तीच स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन आली, खिडकीतून सूर्य कुठवर आलाय ते तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, जल्दी करा, अजून हाय त्यो." बाई हसली आणि तिनं गोळी घेतली.

दोन-तीन दिवसांत प्रेशर ताळ्यावर आलं. ऑपरेशन झालं. बाईला वॉकर धरून उभं केलं तेव्हा तिचे पाय थरथरत होते, आणि मी तिच्या पाठीमागं हात धरून उभी होते, न टेकवता. तिला टेकवलेला चालला नसता.

त्यानंतर आम्ही भरतीच्या वेळी प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारायला लागलो. दिवस मावळल्यावर काय खाता-पिता, काय नाही? उत्तरं ऐकून मी थक्क झाले. जैन तर होतेच. रोजे धरणारे होते, निर्जळ उपास करणाऱ्या होत्या. आणि काही नुसतेच शेतावरचे, दिवेलागणीला झोपणारे, नऊची गोळी झोपेत मुठीत धरून सकाळी कुठंतरी हरवणारे. जेवढ्यांच्या वेळा बदलता आल्या, तेवढ्या बदलल्या. आणि 'दिली' एवढ्यावर न थांबता 'घेतली का' ते बघून लिहायला सांगितलं. झालं, महिन्याभरात माझा हिरवा रकाना घसरला. वरून बोलावणं आलं. "मॅडम, इतकी वर्षं हिरवं होतं, तुम्ही सुधारणा केली आणि लाल झालं?" मी म्हटलं, "सर, आधी आपण गोळ्या वाटलेल्या मोजत होतो." त्यांना ते फारसं रुचलं नाही. पण तक्ता तसाच लावू दिला, हे त्यांचे उपकार. पुढं हळूहळू तो रकाना पुन्हा वर चढला, आणि या वेळी त्यावर माझा विश्वास बसला.

बाईला सुट्टी मिळाली त्या दिवशी मी तिला चेहऱ्यांचा डबा दाखवलाच नाही. पलंगावर तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "एक तक्रार सांग. सांगितल्याशिवाय घरी सोडणार नाही."

"कशाची तक्रार? सगळ्यांनी चांगलं केलं."

"एक."

भावानं खाली गाडी आणली होती, त्याचे फोनावर फोन येत होते. मी हलले नाही. बाईनं दाराकडं बघितलं, सिस्टर नाही याची खात्री करून घेतली. मग अगदी हळू म्हणाली, "उशी लई कडक हाय."

"अजून?"

"डोक्यावरचा दिवा डोळ्यात येतो. झाडणारी मोबाईलवर बोलत बोलत झाडती, अर्धा कचरा पलंगाखालीच. अन् ते तुझे हाडाचे डॉक्टर." इथं तिचा आवाज चढला. "हाड माझं मोडलं, अन् बोलत्यात तुझ्या भावाशी! मी काय बहिरी हाय का?"

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून एवढं एकदम कधी ऐकलं नव्हतं. आणि ती थांबेना.

"अन् तू. दिवसातून कितीदा यायचीस. कठडा हलवून बघायचीस, सलाईन बघायचीस, सिस्टरला बोलायचीस, चालली. येक दिवस बसलीस. तिसऱ्यांदा स्ट्रेचर माघारी गेलं तवा."

मला ते लागलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. लहानपणापासून ज्याची वाट पाहिली ते मला मिळालं होतं. मी तिचा हात धरला. भाऊ वर येऊन ओरडला तेव्हा कुठं आम्ही उठलो.

घरी गेल्यावर तर बांधच फुटला. मी रोज कामावरून सुटले की तिच्या संध्याकाळच्या जेवणाआधी भावाकडं पोचायची, आणि तिच्याजवळ नवीन काहीतरी असायचंच. वरणात मीठ जास्त. वॉकरची टकटक डोक्यात जाते. माझ्या ड्रेसचा रंग म्हणजे नुसतं शेवाळ. टीव्हीवरच्या बायका झोपताना दागिने का काढत नाहीत? भाभी घाबरून मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाईंना झालंय तरी काय? आधी अशा नव्हत्या हो." मी म्हटलं, "होऊ दे." मग हळूहळू जुनं निघायला लागलं. परतूरला शाळेत ती हुशार होती. शिक्षिकेनं घरी येऊन वडिलांची समजूत घातली होती, तरी तिला काढून घेतलं. राजस्थानातलं आमचं मूळ गाव तिला कधी कुणी दाखवलं नाही, बापूजी, म्हणजे माझे वडील, दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिले. माझ्या लग्नात तिला मोरपंखी साडी नेसायची होती, आणि जावेनं आधीच तो रंग घेतला. इतक्या वर्षांनी ती त्या साडीवरून खरोखर चिडली, गाल लाल होईपर्यंत. मी पोट धरून हसले, आणि घरी जाताना गाडीत रडले. एवढं सगळं तिच्यात होतं आणि मी किती उशिरा विचारलं. रोज वाटायचं, उद्या काय सांगेल? दुपार कलली की माझं घड्याळाकडं लक्ष जायचं.

स्थानकात ती आपल्या पायानंच जायची, वॉकर टेकत. पायरी फार उंच आहे म्हणून तिनं तिथल्या मंडळींनाही सुनावलं. त्यांनी कठडा बसवून दिला.

उन्हाळा लागता लागता, एका सकाळी बाई स्थानकातून आली, पाणी प्यायली आणि खुर्चीतच गेली. हृदय बंद पडलं. कुणाच्या हातात काहीच नव्हतं. मी सगळे कागद पुन्हा पुन्हा बघितले, माझी सवयच आहे ती. काहीच सापडलं नाही.

उठावण्याला, म्हणजे आमच्याकडच्या शोकसभेला, हॉल भरला होता. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधे बाईचा फोटो. एकामागून एक माणसं बोलायला उठली. व्यापारी, शेजारी, परतूरचे नातलग, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. पुण्यवान जीव. चालता-बोलता गेल्या. कुणाला कसला त्रास दिला नाही. आपल्याकडं गेलेल्या माणसाचं याहून मोठं कौतुक नसतं, आणि ते मनापासूनच बोलत होते. बायका पदरानं डोळे पुसत माना डोलवत होत्या. मी मात्र दातावर दात धरून बसले होते.

शेवटी बाईचा एक म्हातारा मावसभाऊ काठी टेकत माझ्यापाशी आला. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "नशीबवान हाय बेटा तू. आईनं शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला न्हाई."

"दिला ना मामाजी," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण आजूबाजूची कुजबूज थांबली. "मला दिला. रोज संध्याकाळी दिला. अजून खूप द्यायचा राहिला होता."